पडदा एक, जकाती दोन

श्रोतेहो, जकातीचें दरपत्रक म्हटलें कीं तो कारकुनांचा रुक्ष विषय, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या मेजावरील संगणकाचा पडदा, ज्यास आपण मॉनिटर म्हणतों, तो क्षणभर डोळ्यांपुढें आणा. सकाळीं त्यावर हिशेब मांडले जातात, दुपारीं पत्रें लिहिलीं जातात, आणि रात्रीं सगळें कुटुंब त्याच्यापुढें बसून चित्रपट पाहतें. मग हा पडदा संगणकाचें अंग समजावयाचें, कीं करमणुकीचें साधन? आपणांस या प्रश्नाशीं कांहींच कर्तव्य नसतें. पण तोच पडदा परदेशांतून बंदरावर उतरतो, तेव्हां जकात-अधिकाऱ्यास याचें उत्तर द्यावेंच लागतें, आणि पुष्कळदां त्या उत्तरावरच त्याची किंमत अवलंबून असते.

हें उत्तर मनास येईल तसें देतां येत नाहीं. १९८८ सालीं अमलांत आलेल्या एका आंतरराष्ट्रीय करारान्वयें व्यापारांतील यच्चयावत् वस्तूंस सहा अंकी क्रमांक लावण्यांत आले आहेत. पहिले दोन अंक प्रकरणाचे, पुढचे दोन शीर्षकाचे आणि शेवटचे दोन उपशीर्षकाचे. भारताचें दरपत्रकहि याच पायावर उभें असून आपण त्या क्रमांकांस आणखी दोन अंक जोडले आहेत. वर्गवारीचा पहिला नियम असा कीं, शीर्षकाचे शब्द आणि त्यांवरील टीपा हींच प्रमाण. दुकानदार वस्तूस कोणतें नांव देतो, किंवा एखादा ग्राहक पुढें तिचा काय उपयोग करतो, यावर निर्णय होत नाहीं. वस्तु ज्या स्थितींत अधिकाऱ्यापुढें येते, त्या स्थितींतील तिच्या अंगच्या गुणांवरून तो होतो.

शब्दच प्रमाण मानले, म्हणजे शब्द जुने झाल्यावर काय घडतें याचें उत्तम उदाहरण युरोपांत पाहावयास मिळालें. १९९६ च्या डिसेंबरांत सिंगापूर येथें अनेक राष्ट्रांनीं असा करार केला कीं, संगणक व त्याची उपकरणें यांवरील आयात-जकात अजिबात काढून टाकावयाची. युरोपीय संघहि त्या करारांत होता. त्या वेळीं दरपत्रकांत संगणकाच्या पडद्याची कसोटी होती ती अशी: तो संगणकाबरोबर 'केवळ अथवा मुख्यत्वें' वापरण्याजोगा असावा. तेव्हां ही कसोटी पुरेशी होती. संगणकाचा पडदा जवळून, तासन् तास पाहण्यासाठीं केलेला. त्याचे ठिपके बारीक, पृष्ठभाग न चकाकणारा, बैठक हवी तशी कलती करतां येणारी. दूरचित्रवाणीचा संच निराळा, हें कोणासहि सांगावें लागत नसे.

पुढें १९९९ मध्यें डी. व्ही. आय. नांवाची नवी जोडणी निघाली. तिच्यामुळें संगणकाचें चित्र अंकरूपानेंच पडद्यापर्यंत पोहोंचूं लागलें व अधिक स्वच्छ दिसूं लागलें. परंतु त्याच जोडणींतून चित्रपटाची तबकडी वाजविणाऱ्या यंत्राचें चित्रहि घेतां येई. युरोपांतील जकात-अधिकाऱ्यांनीं असा अर्थ काढला कीं, ज्या पडद्यास दुसऱ्या यंत्राचेंहि चित्र दाखवितां येतें तो 'केवळ अथवा मुख्यत्वें' संगणकाचा नव्हे. तो चित्रदर्शक होय, आणि चित्रदर्शकावर जकात शेंकडा १४. म्हणजे २०० युरो किंमतीच्या पडद्यावर २८ युरो, आणि हजार पडद्यांच्या मालावर २८ हजार युरो! पडदा अधिक चांगला झाला, हाच जणूं त्याचा अपराध ठरला. ठराविक मोजमापाच्या लहान पडद्यांवरील जकात २००५ सालीं तहकूब करण्यांत आली खरी. पण तहकुबी म्हणजे हक्क नव्हे.

युरोपीय पक्षाच्या म्हणण्यांत कांहींच अर्थ नव्हता असें मात्र नाहीं. संगणकास जोडतां येतो एवढ्यावरून प्रत्येक पडदा मुक्त सोडला, तर दूरचित्रवाणी संचांवरील जकात चुकविण्यास वाट मोकळी होईल, ही भीति खोटी नव्हती. पण नेदरलंड्समधील एका आयातदाराच्या खटल्यांत युरोपीय न्यायालयानें १९ फेब्रुवारी २००९ रोजीं निर्णय दिला कीं, दुसऱ्या यंत्राचें चित्र दाखवितां येतें एवढ्याच कारणावरून पडद्यास संगणकाच्या वर्गांतून बाहेर काढतां येणार नाहीं. प्रत्येक पडद्याचे गुण तपासले पाहिजेत. तोंपर्यंत अमेरिका, जपान व तैवान यांनीं जागतिक व्यापार संघटनेकडे धाव घेतली होती. १६ ऑगस्ट २०१० रोजीं तिच्या न्यायमंडळानें युरोपीय संघाची ही वागणूक वचनाशीं विसंगत ठरविली. अखेर २०१७ पासून दरपत्रकाचे शब्दच बदलले. आतां पडदा संगणकास थेट जोडतां यावा व संगणकाबरोबर वापरण्यासाठीं योजलेला असावा, एवढेंच पाहिलें जातें. 'मुख्यत्वें' हा भांडखोर शब्द त्या जागेवरून गेला.

तरी प्रश्न संपला असें समजूं नये. आपल्याकडेहि शाळांतून भिंतीवर बसवितात तो स्पर्शानें चालणारा मोठा फलक आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पांत त्यावरील मूळ आयात-जकात शेंकडा १० वरून २० वर नेण्यांत आली. संगणकाच्या पडद्यास मात्र करारान्वयें माफी आहे. दोहोंचा देखावा काचेचा, दोहोंत चित्र उमटतें; पण सीमारेषा अंगुळभर सरकली कीं शाळेचा खर्च बदलतो.

श्रोतेहो, या हकीकतींतून घेण्यासारखी गोष्ट एकच. वचन मोडण्यासाठीं दर वाढवावा लागतोच असें नाहीं. शब्दाचा अर्थ आकुंचित केला तरी तें मोडतें, आणि तें मोडल्याचें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. दर वाढला तर त्याची चर्चा विधिमंडळांत होते, वर्तमानपत्रांत होते. अर्थ बदलला तर ती चर्चा बंदरावरील एका मेजापाशीं होते, आणि तिचा खर्च ग्राहकाच्या खिशांतून जातो. म्हणून दरपत्रकांतील आंकड्यांवर जितकें लक्ष ठेवावयाचें, तितकेंच त्यांच्या शेजारच्या शब्दांवरहि ठेविलें पाहिजे.