गवताचे तिसरे पान

गवत ही आपोआप उगवणारी वस्तू आहे, अशी आपली समजूत असते. पेरणी, पाणी, राखण हे शब्द आपण पिकासाठीच वापरतो. परंतु न्यूझीलंडमधील कँटरबरीच्या मैदानात गवत हेच पीक आहे. त्याची निगा आपल्याकडील उसाइतक्याच काळजीने घेतली जाते.

हे मैदान दक्षिण बेटाच्या पूर्वेकडे आहे. पश्चिमेचा पर्वत पाऊस अडवतो आणि उन्हाळ्यात त्यावरून कोरडे, उष्ण वारे खाली उतरतात. माती उथळ, खाली गोटे. पाणी टिकत नाही. म्हणून रँगिटाटा नदीतून ६७ किलोमीटर लांबीचा कालवा काढण्याचे काम १९३७ साली सुरू झाले. पूर्वी सारे पाडून पाणी देत. आता बहुतेक ठिकाणी फिरते तुषार सिंचन आले आहे.

पण नुसत्या पाण्याने कुरण होते काय? होत नाही. तेथे मुख्यतः रायग्रास हे गवत आणि पांढरा क्लोव्हर ही द्विदल वनस्पती एकत्र पेरतात. क्लोव्हरच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि त्यावर गवत पोसते. मात्र गवत फार उंच वाढले तर सावलीत क्लोव्हर मागे पडतो. आणि निव्वळ क्लोव्हर अधाशीपणे खाल्ला तर गाईचे पोट फुगते. दोघांचा तोल राखणे हेच कुरण राखणाऱ्याचे कौशल्य.

रायग्रासच्या एका फुटव्यावर साधारणतः तीनच जिवंत पाने राहतात. चौथे फुटले की पहिले सुकू लागते. चरून गेल्यावर नवे पहिले पान बुडख्यातील साठवलेल्या साखरेवर उगवते. तिसऱ्या पानापर्यंत हा साठा पुन्हा भरतो. याआधीच जनावर परतले तर मुळे खंगतात, उशीर झाला तर चारा वाया जातो. म्हणून कुरणाचे तुकडे पाडून विजेच्या तारेने गाई पुढे सरकवतात, चार-पाच सेंटीमीटर खुंट राखतात, आणि ओल्या मातीवर खुरांचा चिखल होऊ नये म्हणून पाण्याची पाळी व चराई यांत अंतर ठेवतात. उन्हाळ्यात ही विश्रांती सुमारे तीन आठवड्यांची असते, थंडीत ती कितीतरी लांबते.

या वैभवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गाई वाढल्या, खत वाढले, आणि गोमूत्रातील व खतातील नत्र गोट्यांमधून झिरपून विहिरींच्या पाण्यात उतरले. अखेर २०२१ पासून चराऊ कुरणाला वर्षाकाठी हेक्टरी १९० किलोपेक्षा अधिक कृत्रिम नत्र देण्यास तेथे मनाई झाली. पाण्याच्या अतिरेकाने क्षारपड झालेल्या कालव्याखालच्या जमिनी पाहिलेल्या आपल्याला हा धडा परका वाटू नये.

आपल्या गायरानांना पाट नाही, तारेचे कुंपण नाही. पण विसावा देणे आपल्या हाती आहे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर चराईबंदी करून, गवत कापून नेण्याची रीत घालून हे दाखवून दिले. गावचे गायरान उजाड झाले की आपण पावसाला बोल लावतो. पावसाने पहिले पान दिलेले असते. तिसऱ्या पानापर्यंत थांबायचे की नाही, हे मात्र गावाने ठरवायचे असते.