परसातील कललेले झाड : आधार की तोड? निर्णयाचे काही शास्त्रीय निकष

गोषवारा :
परसातील अस्थिर झाडाबाबतचा निर्णय बहुधा भीतीपोटी किंवा ममतेपोटी घेतला जातो. झाडाची यांत्रिक स्थिती, त्याच्या पडण्याच्या कक्षेत येणारी माणसे व वास्तू आणि दिलेल्या आधाराची पुढील देखभाल या तीन बाबी एकत्र विचारात घेतल्यास हा निर्णय अधिक विवेकी होऊ शकतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

प्रस्तावना :
३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-मुरूड परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढील वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळानेही कोकण किनाऱ्यावर असंख्य झाडे पाडली. अशा घटनांनंतर परसातील प्रत्येक कललेले झाड संशयास्पद वाटू लागते. मग एक तर ते तातडीने तोडले जाते किंवा त्याच्या खोडाला दोर बांधून समाधान मानले जाते. या दोन्ही कृती तपासणीपूर्वीच केल्या जातात, हा त्यांतील समान दोष होय. पहिलीत अनेक वर्षांची सावली निष्कारण गमावली जाते, तर दुसरीत घरातील माणसांचा जीव एका दोरावर सोपविला जातो.

धोक्याचे स्वरूप :
झाडाचा धोका तीन घटकांनी ठरतो : झाड किंवा त्याची फांदी पडण्याची शक्यता, पडताना ती कोणावर वा कशावर आदळण्याची शक्यता आणि त्यातून होणाऱ्या हानीची तीव्रता. माळावरच्या पोकळ बाभळीचा धोका नगण्य असतो. तेवढ्याच पोकळ झाडाखाली मुलांची झोपण्याची खोली असेल, तर प्रश्न पूर्णपणे बदलतो. म्हणूनच काही वेळा झाडाला हात न लावता त्याखालील झोपाळा, वाहनतळ किंवा गोठा हलविणे हाच सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय ठरतो.

झाड उभे कसे राहते? :
झाडाचे सोटमूळ खोलवर जाऊन त्याला धरून ठेवते, हा समज सर्वसाधारण आहे. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या झाडांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या एक मीटरभर थरात आडवी पसरलेली असतात आणि ती झाडाच्या घेरापलीकडेही जातात. ही मुळे व त्यांनी धरलेली माती मिळून जी रुंद बैठक तयार होते, ती झाडाला तोलून धरते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० झाला, तर दाब चौपट होतो. उंच शेंड्यावरील हा दाब तरफेप्रमाणे बुंध्यापाशी कार्य करतो. पावसाने भिजलेल्या मातीची पकड त्याच वेळी सैल झालेली असते. पावसाळी वाऱ्यात धडधाकट दिसणारी झाडेही मुळांसकट उपटतात, त्याचे कारण हेच होय.

परसात या बैठकीवर माणूसच आघात करतो. कुंपणाच्या भिंतीचा पाया, सांडपाण्याचा चर किंवा फरशी यांसाठी एका बाजूची मुळे तोडली जातात. बुंध्यालगत काँक्रीट ओतल्याने मुळांना हवा व पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणास्तव.

तपासणीचे निकष :
पहिला निकष कलाचा. वर्षानुवर्षे कललेल्या झाडाचा शेंडा प्रकाशाकडे वळून पुन्हा सरळ वाढलेला दिसतो. अशा झाडाने आपला तोल लाकडाच्या वाढीतून साधलेला असतो. याउलट, अलीकडेच कललेल्या झाडाचे खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकाच रेषेत तिरके असते. कलाच्या विरुद्ध बाजूस जमिनीला भेग पडलेली किंवा माती उचललेली दिसत असेल, तर बैठक सुटू लागली आहे असे समजावे. हे लक्षण सर्वांत गंभीर होय.

दुसरा निकष खोडाचा. ढोली दिसताच झाड निकामी ठरविणे योग्य नाही, कारण भार पेलण्याचे काम मुख्यतः बाहेरील लाकूड करते. पोकळीचा व्यास खोडाच्या व्यासाच्या निम्मा असला, तरी वाकण्यास होणारा प्रतिकार गणिताने केवळ ६ टक्क्यांच्या आसपास घटतो. तो ७० टक्के असता घट सुमारे २४ टक्के होते, ९० टक्के असता मात्र ६६ टक्के. जर्मन शास्त्रज्ञ क्लाऊस माटेक यांनी अनेक झाडांच्या अभ्यासावरून, शाबूत भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण ३० टक्क्यांहून कमी झाल्यास खोड मोडण्याची शक्यता वाढते, असा ठोकताळा मांडला. ढोली एका बाजूस उघडी असेल, तर याहूनही अधिक सावध राहावे लागते. बुंध्यावर उगवलेली कठीण, फळीसारखी अळंबी ही आतील कुजीची खूण असते. लाकडी हातोडीने खोड ठोकून येणारा पोकळ आवाज हीदेखील प्राथमिक चाचणी होय.

तिसरा निकष बेचक्याचा. दोन जाड फांद्या अरुंद कोनात निघाल्या असतील आणि त्यांच्या सांध्यात साल दबली असेल, तर तो सांधा वरून भक्कम दिसला तरी आतून जोडलेला नसतो.

आधाराचे प्रकार आणि मर्यादा :
आधार देण्यापूर्वी भार कमी करता येईल का, हे पाहावे. फांद्यांची टोके प्रमाणात आखूड केल्यास वाऱ्याचा दाब व तरफेची लांबी दोन्ही घटतात. मात्र सरसकट शेंडा मारणे घातक ठरते. त्या मोठ्या जखमांतून कूज शिरते आणि त्याच जागी फुटलेले धुमारे वरवर चिकटलेले असल्याने पुढे सहज निखळतात. अमेरिकन वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की झाडाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड बाधित भागाभोवती भिंती उभारून त्याला वेगळे पाडते. म्हणून फांदी तिच्या बुडाशी असलेल्या फुगीर कंगोऱ्याच्या बाहेर कापावी. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धतही आता त्याज्य मानली जाते.

कमकुवत बेचका वरच्या भागात पोलादी दोराने जोडता येतो. लांब आडव्या फांदीला खालून टेकू देता येतो. वडाच्या बाबतीत निसर्गच हे कार्य पारंब्यांद्वारे करतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील महावटाचे कुजलेले मूळ खोड १९२५ मध्ये काढून टाकले गेले, तरी तो वृक्ष पारंब्यांवर आजही उभा आहे. वादळात कललेले लहान झाड मुळे ओली असताना काही दिवसांत सरळ करून बांधता येते. परंतु मोठ्या झाडाची तुटलेली मुळे अशा ओढण्याने सांधत नाहीत, उलट उरलेली मुळेही तुटतात.

येथे एक तत्त्व लक्षात घेणे आवश्यक आहे. आधार हा झाडाचा दोष दूर करीत नाही, तो केवळ त्याचा परिणाम लांबवितो. खोडाभोवती करकचून बांधलेली तार काही वर्षांत सालीत रुतते, दोर सैल होतो, टेकूचा पाया खचतो. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासणी करणे शक्य नसेल, तर आधाराचा पर्याय स्वीकारू नये.

तोड केव्हा अटळ? :
बैठक सुटत असेल, एका बाजूची मुख्य मुळे तुटली किंवा कुजली असतील, किंवा शाबूत लाकूड अत्यल्प उरले असेल आणि पडण्याच्या कक्षेतील राहती जागा हलविणे शक्य नसेल, तर झाड काढणे हेच योग्य होय. अशा स्थितीत दिलेला टेकू खोटा विश्वास निर्माण करतो.

कायदेशीर बाजू :
महाराष्ट्रातील शहरांत ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ लागू आहे. झाड स्वतःच्या आवारातील असले, तरी ते तोडण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. जीवितास किंवा मालमत्तेस धोका हे परवानगीचे मान्य कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचे संरक्षण मिळाले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्वही आले. त्यामुळे कल, भेगा, ढोली व अळंबी यांची दिनांकासह छायाचित्रे आणि जाणकाराचा लेखी अभिप्राय अर्जासोबत जोडणे हिताचे ठरते.

समारोप :
आधार की तोड, हा प्रश्न वस्तुतः शेवटचा आहे. झाड कशामुळे अस्थिर झाले, ते कोणावर पडेल, भार किंवा लक्ष्य कमी करता येईल का आणि आधाराची जबाबदारी वर्षानुवर्षे कोण घेईल, हे प्रश्न त्याआधी येतात. या क्रमाने विचार केल्यास अनेक झाडे वाचतील. जी तोडावी लागतील, ती वादळाच्या रात्री कोसळण्यापूर्वी दिवसाउजेडी, नियोजनपूर्वक उतरविता येतील.