उत्तराचा तगादा नसलेले पत्र

विषण्णतेने ग्रासलेल्या मनुष्याला आत्मघातापासून परावृत्त करणारी शक्ती कोणती, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे मनोनिग्रह, श्रद्धा आणि घरचे संस्कार यांची नावे तत्परतेने घेतली जातात. ती सर्वस्वी निराधार नव्हेत, परंतु सान फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाला जे उत्तर सुचले ते इतके साधे होते, की वैद्यकशास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद व्हावी असे प्रथमदर्शनी कोणास वाटू नये.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी मालमोटार हाकीत असता मोटोला एका अल्पपरिचित तरुणीची पत्रे येत, आणि आपण कोणाच्या तरी स्मरणात आहो एवढ्या जाणिवेने मिळालेला धीर तो विसरला नाही. पुढे १९६९ पासून, विषण्णतेमुळे किंवा आत्मघाताच्या विचारामुळे इस्पितळात राहून गेलेल्या, पण नंतरचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे त्याने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटास पाच वर्षांच्या मुदतीत, प्रथम दरमहा, मग दर दोन महिन्यांनी आणि शेवटी दर तिमाहीस, अशी २४ पत्रे गेली, दुसऱ्यास एकही नाही. मजकूर दोन-तीन ओळींचा. त्यात ना औषधाची चौकशी, ना उपदेश, ना हजेरीची मागणी. आमच्या पिढीच्या पोस्टकार्डांचा शेवट 'उलटटपाली कळविणे' यावाचून होत नसे आणि त्यात मायेइतकाच तगादाही असे, हे आठवले म्हणजे मोटोच्या संयमाचे मोल कळते.

पत्रे मिळालेल्या गटात पहिली दोन वर्षे आत्महत्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले. पुढे हे अंतर घटत गेले. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे, स्वतःस इजा करून घेऊन इस्पितळात आलेल्यांना वर्षभरात ८ पोस्टकार्डे (आणि तीही बंद पाकिटातून!) धाडण्यात आली, तेव्हा तसे पुन्हा करणाऱ्यांची संख्या फारशी उतरली नाही, पण पुनरावृत्तीचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. अन्यत्र असे यश सर्वांनाच लाभले नाही, आणि पत्र हा औषधोपचाराला पर्यायही नव्हे. तरीही, मन खंबीर ठेवण्याचा सारा भार ज्याचे मन खचले आहे त्याच्याच शिरावर टाकणाऱ्या आपल्या नित्याच्या सल्ल्यापेक्षा मोटोची ती दोन ओळींची विचारपूस मला अधिक शहाणपणाची वाटते.

वाचकांपैकी कोणी, किंवा त्यांचे कोणी आप्त, अशा अवस्थेतून जात असतील, तर 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवावा. तो विनामूल्य असून अहोरात्र चालू असतो, आणि तेथे मराठीतून बोलता येते.