वाळूचे कण बांधणारी खनिजे

वालुकाश्मातले तेल वाळूच्या कणांमधील बारीक फटींत मुरलेले असते. वाळू खोल गाडली गेली, की तिच्यातून झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजे याच फटींत साचतात आणि कण एकमेकांना जखडतात. हे संयोजक अपुरे पडले तर तेलाबरोबर वाळूही विहिरीत येते. फार झाले तर तेलाला वाटच उरत नाही.

क्वार्ट्झने बांधलेला खडक ड्रिल बिट झिजवतो. कॅल्साइटची तऱ्हा वेगळी. ते अनेकदा पट्ट्यापट्ट्यांनी साचते. नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्रात मऊ वालुकाश्मात असे टणक पट्टे आहेत. आडवी विहीर खोदताना बिट त्यांना भिडले की वेग मंदावतो, आणि बिट आखलेल्या मार्गावरून घसरू शकते.

खरी फसवणूक मात्र मृद्-खनिजे करतात. इलाइटचे केसासारखे तंतू फटींत जाळे विणतात आणि प्रवाह अडवतात. वर काढलेला खडकाचा नमुना हवेत वाळवला, तर हे तंतू कणांना चिकटून बसतात आणि प्रयोगशाळेत खडकाची पार्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, प्रत्यक्षाहून जास्त भरते. उत्तर समुद्रातील मॅग्नस क्षेत्राच्या इलाइटवर १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा ठरला.

स्मेक्टाइट गोड्या पाण्याने फुगते, म्हणून ड्रिलिंगच्या चिखलात पोटॅशियम क्लोराइड घालतात. केओलिनाइटचे कण जोराच्या प्रवाहाने सुटून फटींच्या तोंडाशी अडकतात. त्यामुळे चाचणीत विहीर कमी वाहिली, एवढ्यावरून खडक वाईट ठरत नाही. विहीर बंद करून दाब कसा चढतो ते पाहिले, की दोष खडकाचाच आहे की फक्त विहिरीलगतच्या भागाचा, हे बरेचसे उलगडते.

दोष विहिरीलगतचा असेल तर आम्लाचा उपाय करतात, पण आधी खनिज ओळखावे लागते. क्लोराइट या मृद्-खनिजातले लोह हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते आणि आम्लाचा जोर ओसरल्यावर चिकट साक्याच्या रूपात परत बसते. ते टाळायला सायट्रिक आम्लासारखे पदार्थ मिसळतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल कॅल्साइटला लागले तर कॅल्शियम फ्लुओराइड साचते, म्हणून कॅल्साइट आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन काढतात.

एवढे उपद्व्यापी क्लोराइट एका बाबतीत मात्र उपकारक आहे. कणांवर त्याचे पातळ अखंड अस्तर असेल तर क्वार्ट्झला वाढायला पृष्ठभागच मिळत नाही. अमेरिकेतील लुइझियानाच्या टस्कलूसा वालुकाश्मात सहा किलोमीटरच्या आसपास खोलीवरही भरपूर सच्छिद्रता टिकली आहे, ती मुख्यतः या अस्तरामुळे.