मुलांच्या खेळघरांचा धंदा : तिकीट रोख, देखभाल उधार

गेल्या काही वर्षांत आपल्याकडील शहरांत एक नवा धंदा चांगलाच वाढला आहे. मॉलमधील किंवा व्यापारी इमारतीतील मोठा हॉल भाड्याने घ्यायचा, त्यात रेक्झिन मढवलेल्या फोमच्या घसरगुंड्या, प्लॅस्टिकच्या चेंडूंचा हौद, जाळीचे बोगदे आणि ट्रॅम्पोलिन बसवायचे आणि मुलांना तासाच्या हिशोबाने आत सोडायचे. मोकळी मैदाने उरली नाहीत, उन्हातान्हात मुलांना कुठे न्यावे हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. त्यामुळे या धंद्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. आपल्या समाजातील काही तरुणही यात भांडवल घालू पाहत आहेत. म्हणूनच या धंद्याची दुसरी बाजू व्यापारी बांधवांसमोर मांडणे आवश्यक वाटते.

ईदच्या तिसऱ्या दिवशी आमचे कुटुंब अशाच एका खेळघरात गेले होते. चार मुले आणि तीन मोठी माणसे. मुलांचे तिकीट प्रत्येकी 600 रुपये, मोठ्यांचे 150 रुपये आणि सक्तीचे मोजे माणशी 50 रुपये. एकूण 3,200 रुपये दारातच मोजून घेतले. थोरल्या नातवाने आपल्या ईदीतले 200 रुपये हौसेने त्यात घातले होते. पावती मागितली तर आधी कागदाचा चिटोरा मिळाला, पुन्हा मागितल्यावर छापील बिल हाती आले.

आत गेल्यावर दिसले ते असे. दोन ट्रॅम्पोलिनपैकी एकावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी. चेंडूंच्या हौदातील निम्मे चेंडू दबलेले आणि हाताला चिकट लागणारे. घसरगुंडीच्या कडेचे रेक्झिन फाटून आतला पिवळा फोम भुरभुर गळत होता, त्यावर पॅकिंगची टेप मारलेली. एअर कंडिशनर नुसता आवाज करीत होता. तीसचाळीस मुलांवर लक्ष ठेवायला एकच पोरगा. जाळीच्या भोकात धाकट्या नातीचा पाय अडकला, तो आमच्या सुनेने आत वाकून सोडवला. संकटकाळी बाहेर पडण्याच्या दारासमोर रिकामे खोके रचलेले होते.

मॅनेजरला हे दाखवले तेव्हा तो म्हणाला, “चाचा, पैसे परत मिळत नाहीत, बोर्डावर लिहिलंय.” अर्ध्या तासात नात म्हणाली, “दादा, घरी जाऊ या.” नातवाने एवढेच विचारले, “माझे दोनशे तरी देतील का?” ते मिळाले नाहीत. आम्ही बिल जपून ठेवले आणि लेखी तक्रार दिली.

कापडवाल्याच्या नजरेतून

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. घाम, घर्षण आणि कडक फिनेल यांनी तो थर कडक होतो आणि घडीवर तडकतो. त्याआधी उसवते ती शिवण. टाके फार जवळ घातले की सुईच्या भोकांची ओळ तयार होते आणि टपालाच्या तिकिटाप्रमाणे रेक्झिन त्या ओळीवर फाटते. लांब टाका, मजबूत पॉलिएस्टर दोरा आणि शिवणीवर दुहेरी पट्टी एवढे केले तर माल बराच टिकतो. आम्ही पाहिलेले नुकसान काही मीटर रेक्झिन आणि एका कारागिराची दिवसाची मजुरी यात भरून निघाले असते.

पॉवरलूम चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पिकर झिजला आणि वेळेवर बदलला नाही, तर धोटा उडतो, ताणा तुटतो आणि चांगला माल कटपीसच्या भावाने विकावा लागतो. थोडक्या पैशांचा पिकर वाचवून मोठे नुकसान पदरात घेण्याचा हा प्रकार आहे. खेळघरात मात्र खराब होते ते कापड नसून मुलाचे हाड असते, एवढाच फरक.

मग मालक दुरुस्ती का करीत नाहीत? कारण हॉलचे भाडे, वीज आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला असतो, पण कमाई मुख्यतः शनिवार, रविवार आणि सणासुदीला होते. ज्या दिवशी गर्दी असते त्या दिवशी दुरुस्तीसाठी भाग बंद ठेवण्याची छाती होत नाही, आणि इतर दिवशी गल्ला रिकामा असतो. दुसरे कारण हिशोबाचे आहे. वहीत यंत्रसामग्रीवर दरवर्षी घसारा लावला जातो, पण ती रक्कम प्रत्यक्ष खिशातून जात नाही. ती नव्या सामानासाठी वेगळी ठेवायची असते. अनेक जण तीच नफा समजून उचलतात. चार वर्षांनी सामान संपते आणि त्याच्या जागी पैसाही नसतो.

आगीचा धोका

25 मे 2024 रोजी गुजरातमधील राजकोट येथे टीआरपी गेम झोनला आग लागून 27 जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. त्या ठिकाणी अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते. हे विसरून चालणार नाही. फोम अतिशय वेगाने पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड व हायड्रोजन सायनाईडसारखे विषारी वायू असतात. ज्वाळा पोहोचण्यापूर्वी धूरच माणसाला गाठतो. अशा हॉलमध्ये दारासमोर रचलेले खोके ही साधी अव्यवस्था म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 लागू आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निशमन साधने चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. आई-वडिलांनी त्याची प्रत दाखवा असे विचारण्यात काहीही गैर नाही.

ग्राहकाचा हक्क

‘पैसे परत मिळणार नाहीत’ असा बोर्ड लावला म्हणजे जबाबदारी संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष सेवा देऊन पैसे परत करण्यास नकार देणे आणि बिल न देणे या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी बिल घ्यावे, फाटलेल्या सामानाचे फोटो काढावेत आणि तक्रार लेखी द्यावी. तिकीट काढण्यापूर्वी पाच मिनिटे आत नजर टाकू द्या, असे सांगावे. जो मालक यास नकार देईल, तिथून परत फिरणे उत्तम.

ज्या व्यापारी बांधवांना या धंद्यात उतरायचे आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मूल पाचसहा वर्षांत या खेळांतून मोठे होते. म्हणजे या धंद्यात जुने गिऱ्हाईक आपोआप कमी होत जाते आणि नवे गिऱ्हाईक जुन्याच्या तोंडून ऐकूनच येते. वाढदिवसाच्या पार्ट्या, शाळांच्या सहली ही कमाई जाहिरातीपेक्षा आई-वडिलांच्या शब्दावर उभी असते. म्हणून रोजच्या गल्ल्यातील ठरावीक हिस्सा दुरुस्तीच्या डब्यात वेगळा ठेवावा. आठवड्यातून एक सकाळ खेळघर बंद ठेवून प्रत्येक शिवण, जाळी व नट-बोल्ट तपासावा. जो भाग बंद आहे त्याची सूचना तिकीट खिडकीवर द्यावी आणि तिकिटाचा दर तेवढा कमी करावा.

दुकानातला माल खराब निघाला तर गिऱ्हाईक उद्या बदलून घेते. पण मुलाचा सणाचा दिवस बदलून देता येत नाही. ज्याच्या हाती लोक आपली मुले सोपवतात, त्याच्याकडे ती अमानत असते. ती सांभाळणाऱ्याच्या धंद्यातच बरकत राहते.