टायरवरचा अपूर्णांक

गिअरचं प्रकरण पुढच्या आठवड्यात. मधेच सांगलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर टायरवर लिहिल्यावाचून राहवेना.

शाळेत जाण्यायेण्यासाठी त्यांनी वडिलांची काळी सायकल माळ्यावरून काढली. ओव्हरऑइलिंग झालं, पण मागच्या टायरला फुगा आलेला. त्यावर २६ × १½ असं लिहिलेलं. दुकानातून नवा आणला, त्यावर २६ × १.५०. मिस्त्री म्हणाला, बसणार नाही. बाई विचारतात, ‘दीड म्हणजे दीडच ना?’

गणितात हो, सायकलीत नाही. २६ इंच हा मुळात हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास. रिम किती मोठी, हे त्यात येतच नाही. तुमच्या जुन्या सायकलीचं करून पाहा. टायरची तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास ५८४ मिलिमीटर, वर-खाली चाळीस-चाळीसची जाडी, बेरीज ६६४, म्हणजे साधारण सव्वीस इंच. माउंटन बाइकचा टायर जाडजूड, म्हणून तिची रिम लहान, ५५९ची. बाहेरून तीही सव्वीस. पुढे त्याच रिमसाठी बारीक टायर निघाले, नाव मात्र सव्वीसच राहिलं. बाईंच्या हाती पडला तो यातलाच. २६ × १⅜ घेतला असता तर त्याची रिम आणखी तिसरी, ५९०ची. अपूर्णांक आणि दशांश ही इथे दोन वेगळी घराणी आहेत, एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

यावर उपाय टायरच्या अंगावरच असतो. बॅटरी मारून पाहिलं तर ४०-५८४ असा जोडआकडा दिसेल. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळायलाच हवा, पहिल्यात थोडं कमीजास्त चालतं. या ५८४वर माझा विशेष जीव आहे. दुकानात साडेसत्तावीस इंची म्हणून ज्या नव्या माउंटन बाइक उभ्या असतात, त्यांची रिम हीच. वडिलांच्या सायकलीचं माप नव्या नावाने परत आलंय.

रुंदीतही त्या काळ्या सायकलीचं बरोबर होतं, असं माझं ठाम मत आहे. नवी सायकल घेताना मुलं जाड खाचांचे टायर बघून भुलतात. मातीत त्या खाचा रुततात, पकड देतात. डांबरावर मात्र रबराचा प्रत्येक ठोकळा चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबतो, वाकतो, पुन्हा सरळ होतो, आणि त्यात पायांची ताकद जाते. तो घुंईऽऽ आवाज त्याचाच. पावसासाठी खाचा लागतात ही समजूतही मोटारीवरून आलेली. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि टणक, तो पाणी बाजूला सारून रस्त्याला टेकतो. उलट तेवीस-पंचवीस मिलिमीटरचे शर्यतीचे टायर गटाराच्या जाळीत आणि सिमेंट रस्त्याच्या सांध्यात अडकतात. रोजच्या कामाला आणि रविवारच्या फेरफटक्याला बत्तीस ते चाळीस मिलिमीटर, जवळपास गुळगुळीत, याहून चांगलं काही मला आजवर सापडलेलं नाही. दुकानदाराशी गिअरच्या संख्येवर बोलण्याआधी यावर बोला.

हवेचं एकच सांगतो. टायरवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा. तिच्या आत राहून मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त भरा, कारण वजन मागे असतं. पंक्चर काढताना ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती, खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली.

तर बाई, तो टायर बदलून ४०-५८४चा मागा. बसवण्याआधी मिस्त्रींना रिममधली पट्टी काढायला सांगा आणि आतून फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे गंज किंवा चाकाच्या तारेचं टोक वर आलेलं असेल. ते घासून घ्या, पट्टी नवी घाला आणि मगच ट्यूब.