हवेची वाट

अमेरिकेतल्या बहुतेक घरांत, तळघरात नाहीतर गॅरेजला लागून असलेल्या अरुंद खोलीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी तिच्याच उंचीची दुसरी पांढरी पेटी उभी असते. हा कपडे वाळवण्याचा ड्रायर. घरातली बाकीची बरीचशी उपकरणं १२० व्होल्टवर चालतात. याला २४० व्होल्ट आणि ३० अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते. आत निक्रोमच्या तारेचं वेटोळं असतं, साधारण पाच-साडेपाच हजार वॉटचं. एवढी वीज खाणारी पेटी पाहिली की हे तापवण्याचं यंत्र आहे, असाच कुणाचाही समज होईल. खरं तर हे हवा खेळवण्याचं यंत्र आहे. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली, की त्याची निगा कशी राखायची आणि ते बिघडलं तर आधी कुठे पाहायचं, हे बरंचसं आपसूक कळतं.

दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या कोणत्याही घराला हे ठाऊक आहे. जुलैत रत्नागिरीत घामाच्या धारा लागलेल्या असतात, तरी जीन्सची शिवण तीन-तीन दिवस ओलसर राहते. जानेवारीत पुण्यात अंगावरचा स्वेटर निघत नाही, पण चादर दुपारपर्यंत कडक वाळते. कपड्याभोवतीची दमट हवा हटून तिथे कोरडी हवा येत राहिली पाहिजे. ऊब त्या कामाला वेग देते, इतकंच.

हिशेब मांडून पाहू. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण दोन तृतीयांश युनिट वीज लागते. वॉशिंग मशीनमधून पिळून निघालेल्या एका मोठ्या घाण्यात तीन किलो पाणी उरलं, तर नुसत्या वाफेपायी दोन युनिटं गेली. ड्रम तापवणं आणि गरम हवा बाहेर सोडणं यांचा खर्च वेगळा. म्हणून वीज वाचवायची असेल तर पहिली सुधारणा वॉशिंग मशीनमध्येच करावी. तिथे पिळण्याचा वेग वाढवून अर्धा किलो पाणी जास्त काढलं, तर ड्रायरचं निदान एक तृतीयांश युनिट वाचतं. आणि ते तीन लिटर पाणी वाफ होऊन नाहीसं होत नाही. चार इंच व्यासाच्या एका डक्टमधून ते घराबाहेर जायचं असतं. सगळी गोम त्या डक्टमध्ये आहे.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १८९२ मध्ये जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाने शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचं पेटंट घेतलं. पुढे नॉर्थ डकोटाच्या हिवाळ्यात आईला बाहेर कपडे वाळत घालताना पाहून रॉस मूर याने एका शेडमध्ये फिरत्या ड्रमचा ड्रायर बनवला. कारखानदार शोधण्यात त्याची बरीच वर्षं गेली. शेवटी विस्कॉन्सिनमधल्या हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३८ मध्ये तो ‘जून डे’ या नावाने बाजारात आणला. ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने दाराला काच बसवायची कल्पना दिली, म्हणजे दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आत गरगरणारे रंगीत कपडे दिसतील. मूळ रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

ती रचना हवेच्या मागोमाग जाऊन पाहावी. यातला पंखा ड्रममध्ये हवा ढकलत नाही, ओढतो. खोलीतली हवा तापत्या तारेवरून ड्रममध्ये येते, उलटसुलट पडणाऱ्या कपड्यांतून जाते, जाळीतून गाळली जाते, मग पंख्यातून डक्टमध्ये आणि भिंतीपल्याडच्या झडपेतून बाहेर. या वाटेवर कुठेही अडथळा आला, तर तारेवरून जाणारी हवा मंदावते आणि प्रमाणाबाहेर तापते. तिथला थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू करतो, पुन्हा बंद करतो. बाहेरून एवढंच दिसतं, की पूर्वी पाऊण तासात वाळणारे टॉवेल आता दोन तास घेतात. घरातली माणसं म्हणतात, हीटर कमजोर झाला. हीटर ठणठणीत असतो, हवेची वाट तुंबलेली असते.

तुंबवणारी गोष्ट म्हणजे लिंट, कपड्यांच्या तंतूंचा करडा, मऊ भुगा. जाळीवरचं लिंट प्रत्येक घाण्यानंतर काढायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुगंधी सॉफ्टनर शीट वापरणाऱ्यांच्या जाळीवर मेणचट थर चढतो, तो डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरावी. पाणी वर साचून राहिलं, तर मऊ ब्रशने साबण लावून ती धुवावी आणि पूर्ण वाळवून मगच बसवावी. माझं मत विचाराल, तर ही शीट वापरूच नयेत. ड्रमच्या आत दोन धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की वीज वाहते आणि यंत्राला ओल कळते. त्यांच्यावर हाच थर बसला, की ओले कपडेही कोरडे समजून ड्रायर मध्येच थांबतो. त्यासाठी नवीन सेन्सर विकत घेण्याआधी रबिंग अल्कोहोलचा बोळा पट्ट्यांवरून फिरवून पाहावा.

जाळीतूनही काही लिंट निसटतंच, आणि ते डक्टमध्ये साठतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळातल्या आकडेवारीनुसार घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या, आणि ३४ टक्के आगींमागे साफसफाई न करणं हे कारण होतं. लिंट किती पटकन पेटतं, हे शेकोटी लावणाऱ्या कुणालाही विचारावं. म्हणून डक्ट गुळगुळीत, टणक पत्र्याचा असावा. प्लॅस्टिकचा किंवा चंदेरी फॉइलचा चुण्यांचा पाइप दिसला तर तो आजच काढून टाकावा. त्याच्या प्रत्येक चुणीत लिंट अडकतं. सांधे जोडताना आत टोक काढणारे स्क्रू मारू नयेत. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेप्रमाणे डक्टची लांबी ३५ फुटांपर्यंत चालते, पण प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून पाच फूट वजा करायचे. भिंतीबाहेरच्या तोंडाला झडप हवी, जाळी नको. पक्षी शिरू नयेत म्हणून लोक जाळी बसवतात आणि काही महिन्यांत तीच लिंटने बंद होते.

कपडे वाळायला वेळ लागू लागला, की ड्रायर चालू ठेवून घराबाहेर जावं आणि झडपेसमोर हात धरावा. जोरदार, दमट झोत आला पाहिजे. झुळूक येत असेल तर निदान तिथेच झालं. लांब दांड्याचा ब्रश डक्टमधून फिरवायचा, ड्रायर पुढे ओढून मागची बाजूही साफ करायची. वर्षातून एकदा हे केलं तरी पुष्कळ आहे.

ड्रम फिरतो पण ऊब नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. इथे आधी ब्रेकरकडे जावं. हीटरला दोन लाइव्ह तारा मिळून २४० व्होल्ट लागतात, पण अमेरिकी ड्रायरची मोटर त्यातल्या एकाच तारेवर, १२० व्होल्टवर चालते. दुहेरी ब्रेकरची एक बाजू गेली, की ड्रम मजेत फिरत राहतो आणि हीटर थंड. आपल्याकडे एक फेज गेल्यावर घरातले अर्धेच दिवे लागतात, हा त्यातलाच प्रकार. ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा. तेवढ्याने भागलं नाही, तर पिन काढून, मागचं पॅनेल उघडून मल्टिमीटर लावायचा. हीटरच्या दोन टोकांत दहा ओहमच्या आसपास रोध दिसला, तर तार शाबूत आहे. काहीच दाखवत नसेल तर ती तुटली.

पंख्याच्या घरावर बोटाच्या पेराएवढा थर्मल फ्यूज असतो. अनेक मॉडेलांत तो सुमारे ९१ अंश सेल्सिअसला कायमचा तुटतो. काही ड्रायरांत त्याने फक्त ऊब जाते, काहींत मोटरच सुरू होत नाही. त्याची किंमत काही डॉलर आणि बदलायचं काम दहा मिनिटांचं, म्हणूनच तो फसवा आहे. नवीन फ्यूज बसवला की ड्रायर चालू होतो, घरात आनंद होतो, आणि महिन्याभरात तो पुन्हा तुटतो. फ्यूज सहसा उगाच जात नाही. हवा अडली, यंत्र तापलं, म्हणून त्याने जीव दिला. डक्ट न पाहता फ्यूज बदलणं हा वेळेचा अपव्यय आहे. आणि फ्यूजला तारेचा तुकडा जोडून तो टाळणं हे घर पेटवायचं काम आहे, ते कुणीही करू नये.

आवाजांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लयीत धडधड होत असेल तर ड्रमचे रोलर झिजले. चिरकत असेल तर बेल्ट ताणणारी छोटी पुली. मोटर गुणगुणते पण ड्रम हाताने अगदी सहज फिरतो, म्हणजे बेल्ट तुटला. हे सुटे भाग स्वस्त असतात, आणि एकदा पेटी उघडलीच आहे तर सगळे एकदम बदलावेत.

मराठी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. दिवाळीच्या अभ्यंगानंतर तीळ तेलाने माखलेले टॉवेल नुसते धुऊन ड्रायरमध्ये टाकू नयेत. धुतल्यावरही तंतूंत तेल उरतं, उबेत त्याची हवेशी अभिक्रिया होऊन स्वतःची उष्णता तयार होते, आणि घडी घालून रचलेला गरम ढीग आतून तापत जाऊन पेटू शकतो. घाण्याच्या शेवटी ड्रायर काही मिनिटं थंड हवा फिरवतो, तो याचसाठीही. तो टप्पा मध्येच तोडू नये. तेलकट टॉवेल दोरीवरच वाळवावेत.

अमेरिकेत दोरीचाही प्रश्न असतो. लेकीकडे राहायला आलेली आई डेकच्या कठड्यावर पंचा वाळत घालते आणि सोसायटीकडून पत्र येतं. फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन अशा काही राज्यांनी कायदे करून दोरीवर बंदी घालण्याच्या सोसायट्यांच्या अधिकाराला चाप लावला आहे. मला ते कायदे फार शहाणपणाचे वाटतात. उन्हाळ्यात उघड्यावर वाळलेली प्रत्येक चादर दोन-तीन युनिटं वाचवणाऱ्या घाण्याचा भाग असते.

हीट पंपावर चालणाऱ्या नव्या ड्रायरांना डक्ट लागत नाही. दमट हवा थंड कॉइलवर फिरवून ते पाणी वेगळं काढतात आणि तीच हवा पुन्हा तापवून आत सोडतात. वीज निम्मी किंवा त्याहून कमी लागते, वेळ मात्र जास्त. लिंट इथेही चुकत नाही. ते त्या कॉइलवर बसतं, म्हणून फिल्टर आणि कॉइलची सफाई इथे डक्टइतकीच महत्त्वाची.

आपल्याकडे मुंबईच्या फ्लॅटमध्ये १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारे लहान ड्रायर पावसाळ्यासाठी घेतले जातात. त्यांतले बरेच हवा बाहेर सोडणारे असतात, आणि बहुतेकदा ते बंद बाथरूममध्ये नाहीतर काचा लावलेल्या बाल्कनीत ठेवलेले दिसतात. मग तीच दमट हवा पुन्हा आत ओढली जाते, भिंतींना पाणी सुटतं, आणि शर्ट दीड तासानंतरही हाताला ओला लागतो. पाइपचं तोंड खिडकीबाहेर काढावं, आणि खोलीत बाहेरची हवा यायला दुसरीकडून फट ठेवावी. जुलैतली हवा दमट असली तरी तापल्यावर तिची पाणी शोषायची ताकद वाढते, आणि तेवढ्या हवेवर घाणा वाळतो.